कांद्याच्या कोडची आवराआवर

वडनेर भोलजीहून निघालेलं पत्र एकात एक अशा तीन पाकिटांतून, तीन हातांतून गेलं, तर पाठवणारा आणि घेणारा दोन्ही कुणा एकालाच कळत नाहीत. ‘टॉर’ इंटरनेटवर हेच करतं. पण त्याच्या सी भाषेतल्या मुख्य फाइल्स एकाच फोल्डरमध्ये होत्या. एकीला हात लावला की दुसरीला धक्का! २०१८ मध्ये त्यांचे कोअर, फीचर, अ‍ॅप असे कप्पे केले. काम तेच, मांडणी नवी: हेच रिफॅक्टरिंग. तरी सीमधल्या मेमरीच्या चुका कप्पे करून जात नाहीत. म्हणून २०२० मध्ये रस्ट भाषेत ‘आर्टी’ नव्याने लिहायला घेतलं. २०२२ मध्ये १.० आवृत्ती आली. मित्रांनो, इथे बग म्हणजे नुसते मार्क जाणं नव्हे. एखाद्या पत्रकाराचं नावच उघडं पडू शकतं.