मोठा पाय सिरोंच्याचा, सांगाडा कोलकात्याचा

पोचमपल्ली हे सिरोंचा तालुक्यातलं गाव. 1961 साली हा तालुका चांदा जिल्ह्यात होता. गडचिरोली जिल्हा व्हायला अजून 21 वर्षं अवकाश होता. त्या वर्षी कोलकात्याहून आलेली मंडळी या गावाजवळ जमीन उकरत बसली होती. तिथल्या डायनासोरच्या हाडांचा माग 1958 पासूनच लागला होता. निघालेल्या हाडांत मांडीचं एक हाड होतं, सुमारे 1.7 मीटर लांबीचं, म्हणजे एखाद्या धिप्पाड माणसाएवढं.

कोलकात्याची ही मंडळी इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची. संख्याशास्त्राच्या संस्थेला जंगलातल्या हाडांशी काय देणंघेणं, असं कुणालाही वाटेल. पण संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांना कशाचंच वावडं नव्हतं. त्यांनी 1957 मध्ये लंडनच्या पामेला रॉबिन्सन या जीवाश्मशास्त्रज्ञ बाईंना बोलावून घेतलं, संस्थेत भूशास्त्राचा विभाग सुरू करवला आणि प्राणहिता-गोदावरीचं खोरं त्या विभागाचं शेतच होऊन बसलं.

खोदकामातून सुमारे 300 हाडं निघाली. निदान सहा जनावरांची ती असावीत. सोबत दगड झालेली झाडांची खोडंही होती. कदाचित एकाच पुरात कळप आणि जंगल दोन्ही वाहून आलं असावं. नाव मात्र 14 वर्षांनी, 1975 मध्ये पडलं. सोहनलाल जैन, टी. एस. कुट्टी, तपन रॉयचौधरी आणि शंकर चटर्जी या चौघांनी ते ठेवलं : बारापासॉरस टागोराय. ‘बडा’ म्हणजे मोठा, ‘पा’ म्हणजे पाय. खोदकामाचा हंगाम रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षातला, म्हणून पुढे टागोर. बारसं सिरोंच्याच्या बाजारात झालं असतं तर तिथल्या तेलुगूत ‘पेद्द कालू’ असं काही कानावर आलं असतं. पण हाडं ज्याच्या ट्रकात, बारसं त्याच्या घरी.

1977 मध्ये कोलकात्यात हा सांगाडा उभा राहिला, आणि आजही तो संस्थेच्या भूशास्त्र संग्रहालयात आहे. सांगाडा उभा करणं हे विज्ञानाचं काम समजलं जातं. खरं तर ते अर्धंअधिक मूर्तिकाम आहे. आधी लोखंडाचा आधार वाकवायचा, नसलेली हाडं कृत्रिम घडवून भरायची, मान किती वर उचलायची आणि शेपूट जमिनीला टेकवायची की नाही ते ठरवायचं. मातीकाम करणाऱ्या कुठल्याही शिल्पकाराला हेच प्रश्न पडतात. फरक इतकाच की शिल्पकाराचं नाव चबुतऱ्यावर लागतं, सांगाडा जोडणाऱ्याचं लागत नाही.

प्राणहितेपलीकडे आणखी गंमत झाली. सिरोंच्याच्या वरच्या अंगाला, नदीच्या अलीकडच्याच काठी कोटा नावाचं गाव आहे. ज्या खडकाच्या थरात हे सगळं सापडतं, त्याला भूशास्त्रात याच गावाचं नाव आहे. 1988 मध्ये पी. यादगिरी यांनी दुसऱ्या एका डायनासोरचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि नाव दिलं कोटासॉरस यामनपल्लीएन्सिस. यामनपल्ली तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातलं. म्हणजे नाव नदीच्या अलीकडचं, हाडं पलीकडची, आणि सांगाडा उभा राहिला हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात. सिरोंच्याच्या मुलाला आपल्या तालुक्यातलं जनावर बघायचं तर राज्याची हद्द ओलांडून हैदराबादला जावं लागतं, नाहीतर थेट कोलकाता गाठावं लागतं. बरं, हैदराबादला दिसतो तोही चुलतभाऊच.

कोट्याच्या खडकाची कीर्ती त्याही आधीची. 1851 मध्ये तिथल्या चुनखडीतला एक दगडी मासा लंडनला पोचला होता आणि कर्नल साइक्स यांनी त्यावर लिहिलंही होतं. त्यानंतर वर्षभरातच, 1852 मध्ये, त्याच लंडनमध्ये बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स या शिल्पकाराला एक काम मिळालं : क्रिस्टल पॅलेसच्या नव्या बागेसाठी नामशेष प्राण्यांच्या पूर्णाकृती करायच्या. बागेत लोकांनी बघावेत म्हणून मुद्दाम करवून घेतलेले हे पहिले डायनासोर. शास्त्राच्या बाजूने सल्ला रिचर्ड ओवेन यांचा. ‘डायनोसॉरिया’ हा शब्द घडवला तोही त्यांनीच.

हॉकिन्स यांनी एका आकृतीच्या सामानाची यादी पुढे जाहीर केली. एखाद्या गवंड्याच्या वहीत शोभावी अशीच ती आहे. एका इग्वानोडॉनसाठी 9 फुटी चार लोखंडी खांब, 600 विटा, गटाराची अर्धगोल कौलं 650, साधी कौलं 900, सिमेंटची 38 पिंपं आणि फोडलेल्या दगडाची 90. हे जनावर नव्हे, चार पायांवर बांधलेलं घरच. 1853 च्या अखेरच्या रात्री इग्वानोडॉनच्या साच्यात टेबल मांडून पाहुण्यांना जेवण घातलं गेलं. जून 1854 मध्ये बाग खुली झाली आणि 1855 मध्ये पैशांअभावी पुढचं काम थांबलं. आकृत्या चुकीच्या होत्या. इग्वानोडॉनच्या नाकावर जे शिंग बसवलं होतं, तो त्याचा अंगठा निघाला. तरीही त्या बागेत टिकल्या आणि 2007 मध्ये त्यांना इंग्लंडमधल्या वारसा वास्तूंची सर्वांत वरची श्रेणी मिळाली.

याच हॉकिन्सना 1868 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठी तसंच काम मिळालं. यावेळी आकृत्या अमेरिकेत सापडलेल्या प्राण्यांच्या करायच्या होत्या. मग शहराचा कारभार पालटला. नव्या कारभाऱ्यांना हा खर्च नको होता. मे 1871 मध्ये माणसं कारखान्यात घुसली आणि घण घालून साचे, नमुने सगळं फोडून टाकलं. तुकडे पार्कातच पुरले, असं सांगतात. उद्यानातल्या शिल्पाला ऊनपावसाइतकीच सत्ताबदलाचीही बाधा होते, हे तिथल्या लोकांना त्या दिवशी कळलं असेल.

अर्धवट राहिलेल्या कामांचा विषय निघाला की चंद्रपूरच्या माणसाला न्यूयॉर्कला जावं लागत नाही. शहराच्या लालपेठ भागात उघड्यावर प्रचंड दगडी मूर्ती पडून आहेत. शिवलिंग आहे, गणपती आहे, मत्स्य आणि कूर्म आहेत. सर्वांत मोठी मूर्ती दहा तोंडांची, सुमारे 25 फूट लांब. ती दुर्गेची म्हणतात, पण गावाने दहा तोंडं मोजली आणि तिला ‘रावण’ करून टाकलं. रायप्पा नावाच्या कोमटी सावकाराने गोंड राजांच्या काळात या मूर्ती करवून घेतल्या, देवळाआधीच तो गेला आणि मूर्ती जिथे घडल्या तिथेच आडव्या राहिल्या, अशी परंपरा आहे. या ठिकाणाला ‘अपूर्ण देवालय’ म्हणतात. काम सांगणारा एकच माणूस असला की असं होतं. गडचिरोलीतल्या माडिया गावांची रीत याच्या नेमकी उलट : गेलेल्या माणसासाठी दगड उभा करायचा तर नातलग आणि गाव मिळून तो आणतात, आणि पुढे तो सांभाळायचा कुणी हा प्रश्नच उरत नाही.

आता परत सिरोंच्याकडे, वडधमला. सिरोंचा तालुक्यातल्या या गावाजवळ वनविभागाने जीवाश्म पार्क केलं आहे. दगड झालेली झाडांची खोडं तिथे जमिनीवरच दिसतात. जिल्ह्याबाहेरच्या बहुतेकांना त्याचा पत्ता नाही. नकाशाच्या टोकाला असण्याचे हे तोटे. पण पार्क म्हटलं की प्रतिकृती आलीच, आणि प्रतिकृती म्हटलं की देशभर एकच जनावर डोळ्यांपुढे येतं. 1993 च्या ‘ज्युरासिक पार्क’ चित्रपटानंतर तर फायबरचा टिरॅनोसॉरस जत्रेपासून मॉलपर्यंत पोचला. साचे तयार आहेत, रंग तयार आहे, जबडा उघडमीट करणारी मोटरही मिळते. अडचण एवढीच की ते जनावर उत्तर अमेरिकेचं आणि 7 कोटी वर्षांपेक्षाही अलीकडचं. बारापासॉरस सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीचा. काळाच्या हिशेबाने टिरॅनोसॉरस त्याच्यापेक्षा आपल्याला जवळचा. प्राणहितेच्या काठी त्याला उभं करणं म्हणजे शिवरायांच्या दरबारात क्रिकेटचा पंच बसवणं.

मग बारापासॉरसच करावा, हे उघड आहे. पण इथे खरी मेख आहे. 300 हाडांत कवटी नाही. थोडे दात मिळाले, डोकं नाही. पाठीचे मणके आहेत, पाय आहेत. चेहरा मात्र त्याच्या जातभाईंवरून अंदाजाने करावा लागतो. आणि बागेत येणारा माणूस आधी चेहराच बघतो, फोटोही त्याच्याचसोबत काढतो.

थोर व्यक्तीच्या पुतळ्यासाठी महाराष्ट्रात नियम आहेत. 2 मे 2017 ची शासनाची मार्गदर्शक तत्त्वं बघितली तर मातीचा नमुना आधी कला संचालनालयाला दाखवायचा, चेहरेपट्टी मान्य करून घ्यायची, मगच ओतकाम. नियम असूनही काय होतं ते मालवणने दाखवलं. राजकोट किल्ल्यावर 4 डिसेंबर 2023 ला अनावरण झालेला शिवरायांचा 35 फुटी पुतळा 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला. कला संचालनालयाने मान्य केलेला मातीचा नमुना 6 फुटांचा होता, हे त्यानंतर पुढे आलं. 6 फुटांच्या नमुन्यात नाक बरोबर आहे का ते कळतं; समुद्राच्या वाऱ्यात 35 फुटांचं धूड घोट्यावर पेलेल का, ते कळत नाही. ते गणित वेगळ्या माणसाचं. डायनासोर तर थोर पुरुषांच्या यादीतच नाही, त्यामुळे त्याच्या चेहऱ्याची चौकशी करायला कुणी बांधील नाही. हॉकिन्सच्या शेजारी ओवेन होते तरी अंगठा नाकावर गेला. शेजारी कुणीच नसेल तर काय कुठे जाईल, सांगवत नाही.

सिरोंच्याचं हवामानही कारागिराला सवलत देत नाही. उन्हाळा भाजून काढणारा, त्यात फायबरचा रंग काही हंगामांत उडतो आणि पापुद्रे सुटतात. पावसाळ्यात प्राणहिता, गोदावरी आणि इंद्रावती तिघी तालुक्याला वेढतात. जुलै 2022 च्या पुरात नदीकाठची गावं पाण्याखाली होती. चबुतरा कुठे आणि किती उंच बांधायचा, हे मूर्तीच्या आधी ठरवावं लागेल.

थोड्या पैशांत आणि एकही अंदाज न करता होण्यासारखं एक काम मात्र आहे. कोलकात्याला ते मांडीचं हाड आहे. त्याच्यावरून रबराचा साचा घेता येतो, दोन अर्धुकांत ब्राँझ ओतून जोडता येतं. डोक्याचा प्रश्न नाही, मानेच्या कोनाचा नाही, मोटरचा तर नाहीच. ज्या हाडाने नाव दिलं ते पोचमपल्लीच्या तालुक्यात जमिनीत रोवून उभं करायचं, कठडा न लावता, हात लावता येईल असं. आठवीतलं पोर त्याच्याशेजारी पाठ टेकून उभं राहिलं, तर हाडाचं वरचं टोक त्याच्या डोक्याच्याही वर येईल.