मोटारीची बेगमी

आमच्या घरांतील वडील माणसें पावसाळ्यापूर्वीं कोठी भरून बेगमी करून ठेवीत. हल्लींच्या गृहिणीस वाटतें कीं, वाणी दाराशीं असतां पैसा अडकवावा कशास? हा वाद केवळ स्वयंपाकघरांतला नाहीं; जगांतील मोठमोठ्या कारखान्यांसहि तो सुटलेला नाहीं.

जपानांतील टोयोटा कंपनीनें डिसेंबर १९९७ मध्यें ‘प्रियस’ ही हायब्रिड मोटार बाजारांत आणिली. हिच्यांत पेट्रोलचें एंजिन व विजेची मोटर एकत्र नांदतात. ब्रेक लावतांना जी शक्ति एरव्हीं उष्णता होऊन वायां जावयाची, तिची वीज होऊन ती बॅटरींत सांठते. पण या संसारास सामुग्री फार लागते. मोटरमधील प्रबळ लोहचुंबकास निओडिमियम व डिस्प्रोशियम हीं दुर्मिळ मूलद्रव्यें, बॅटरीस निकेल, आणि सर्वांवर हुकमत चालविण्यास इवल्याशा चिप्स.

याच कंपनींत ताइइची ओनो यांनीं एक शिस्त रूढ केली: हवा तो भाग, हवा तेव्हां व हवा तितकाच आणावयाचा. कोठींत माल पडून राहात नाहीं व दोष तत्काळ उघडा पडतो. परंतु १ फेब्रुवारी १९९७ रोजीं कारिया येथें आयसिन कंपनीच्या कारखान्यास आग लागली. ब्रेकचा एक लहानसा व्हॉल्व मिळेनासा होतांच टोयोटाचे जपानांतील जवळजवळ सर्व कारखाने कांहीं दिवस थंड पडले. २०१० मध्यें चीननें दुर्मिळ मूलद्रव्यांची निर्यात आखडली. ११ मार्च २०११ च्या भूकंपानें रेनेसास कंपनीचा नाका येथील चिप्सचा कारखाना जूनपर्यंत बंद पडला. आपल्याला माल देणारे कोण हें कंपनीस ठाऊक होतें. त्यांना माल देणारे कोण, याची मात्र पुरती माहिती नव्हती.

मग तिनें तीं नांवें शोधून नोंदविलीं, व पुरवठादारांस चिप्सचा कांहीं महिन्यांचा सांठा ठेवावयास सांगितलें. २०२१ च्या चिप्सच्या टंचाईंत आरंभीं तिचें इतरांहून कमी अडलें; तथापि त्या सप्टेंबरांत ठरलेल्या उत्पादनांत तिलाहि सुमारें ४० टक्के कपात करावी लागली. होंडानें दुसरी वाट काढली: २०१६ मध्यें डायडो स्टीलच्या साह्यानें डिस्प्रोशियमवांचून चालणारें चुंबक ‘फ्रीड’ या गाडींत बसविलें.

काटकसर हा मोठा गुण आहे, हें आम्हांस मान्य आहे. पण जी वस्तु एकाच दारीं मिळते, तिची थोडी तरी बेगमी असावी, किंवा तिच्यावांचून भागविण्याची विद्या तरी अंगीं असावी. आमच्या वडील मंडळींस चिप्स ठाऊक नव्हत्या. पण पाऊस लागला कीं वाट बंद होते, हें त्या कधीं विसरल्या नाहींत.