कोल्हापूरला जाल तेव्हा चौकात घटकाभर थांबा

गूळ घेऊन म्हणा, कोर्टाच्या तारखेला म्हणा, नाहीतर अंबाबाईच्या दर्शनाला म्हणा, कोल्हापूरला आपले जाणे होतेच. चौकाचौकांतले पुतळे आपण येता-जाता पाहतो, पण ‘पुतळ्यापाशी उतरायचं’ एवढ्यापुरतेच! पुतळा कोणाचा, कोणी घडवला, इथेच का उभा राहिला, असे पोराने विचारले तर आपण गप्प. म्हणून पुढच्या खेपेला थोडा वेळ हाताशी ठेवा.

शहरात शिरताना कावळा नाक्यावर महाराणी ताराराणी घोड्यावर दिसतात. शिल्पकार रवींद्र मेस्त्री यांचे हे काम. घोड्याच्या पायांकडे नीट पाहा. पुढचे दोन्ही पाय अधांतरी, सारा भार मागच्या दोन पायांवर! भरल्या गाडीचा तोल सांभाळणाऱ्याला यातली करामत वेगळी सांगायला नको.

धातूचा पुतळा होतो कसा? आधी लोखंडी सांगाड्यावर माती चढवून हुबेहूब रूप घडवतात. त्यावरून साचा घेतात आणि साच्यात वितळलेला धातू ओततात. मोठा पुतळा तुकड्यांनी ओतून मग जोडतात. आपल्या विहिरीवरच्या इंजिनाचे भागही असेच ओतकामातून निघतात.

तिथून दसरा चौकात या. इथे राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा आहे. पुतळा पाहून झाला की आजूबाजूच्या इमारतीही पाहा. वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगे इथे आहेत. खेड्यातल्या पोरांना शहरात राहून शिकता यावे म्हणून महाराजांनी वसतिगृहांना हात दिला, त्याची १९०१ साली सुरुवात झाली. राधानगरीचे धरणही त्यांनीच हाती घेतले. भोगावतीकाठच्या उसाला आज जे पाणी मिळते, त्यामागे हाच माणूस आहे.

पुढे बिंदू चौक. इथे महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे १९५० साली बसवले. बाबासाहेब तेव्हा हयात होते, ही गोष्ट ध्यानात ठेवा. शिल्पकार बाळ चव्हाण, आणि पुढाकार भाई माधवराव बागलांचा. बागल स्वतः चित्रकार होते आणि प्रजा परिषदेचे पुढारीही. शेतकऱ्यांची गाऱ्हाणी घेऊन ते संस्थानाशी झगडले.

शेवटी शिवाजी चौक. या जागी पूर्वी मुंबईचे गव्हर्नर विल्सन यांचा पुतळा होता. १९४२ च्या चळवळीत दोन धाडसी स्त्रियांनी तो विद्रूप केला, पुढे तो फोडला गेला. मग १९४५ साली तिथे छत्रपती शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा बसला. परक्यांचा साहेब गेला, आपला राजा आला. स्वातंत्र्याला अजून दोन वर्षे अवकाश होता!

हा अर्धपुतळा घडवला बाबूराव पेंटर यांनी. घरात सुतारकाम आणि कोरीवकाम, मोठ्या शाळेचे शिक्षण नाही. अशा या माणसाने सिनेमाचा कॅमेरासुद्धा कोल्हापुरातच तयार केला. १९२५ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ हा बोलपट नसलेला, मुका चित्रपट काढला. जमीन सावकाराच्या घशात गेलेल्या शेतकऱ्याची ती कहाणी. आपले दुःख पडद्यावर आणणारा आणि आपला राजा चौकात बसवणारा हात एकच!

या फेरीला तिकीट पडत नाही. मात्र पोरांना बरोबर न्या. पुतळ्याखालची पाटी त्यांना मोठ्याने वाचायला सांगा, आणि पाटीवर नाही ते तुम्ही सांगा. जयंतीचा हार दुसऱ्या दिवशी सुकतो. पोराच्या कानावर पडलेली गोष्ट मात्र त्याच्याबरोबर गावी येते, आणि पुढे त्याच्या पोरांनाही कळते.

तालुक्याच्या गावीही एखादा पुतळा असेलच. तो कोणी, केव्हा, कशासाठी बसवला, हे गावातल्या जुन्या माणसांना विचारा. सांगणारी माणसे आहेत तोवरच विचारून घ्या.