पाटी आणि पेटी

मित्रांनो, चाकूने कांदा चिरता येतो, आंबा कापता येतो, दोरीही तोडता येते. अडकित्त्याने मात्र फक्त सुपारी कातरतात. तरीही सुपारी कातरायची असली, की घरातील मोठी माणसे चाकू शोधत नाहीत, अडकित्ताच मागतात. यंत्रांचेही असेच असते. काही यंत्रे अनेक कामे करतात, तर काही एकाच कामासाठी बनवलेली असतात. टॅबलेट आणि गेम कन्सोल ही अशीच दोन यंत्रे. खेळ दोन्हींवर खेळता येतात. मग त्यांत फरक कोणता?

टॅबलेट पाटीसारखा सपाट असतो. त्यावर पुस्तक वाचता येते, चित्र काढता येते, दूरच्या नातेवाइकांशी बोलता येते आणि खेळताही येते. कन्सोल ही एक पेटी असते. ती टीव्हीला जोडतात आणि बटणांचा कंट्रोलर हातात घेऊन खेळतात. तिचे मुख्य काम खेळ हेच.

या दोघांत पेटी वयाने मोठी आहे. टीव्हीला जोडून घरी खेळण्याचा पहिला संच, 'मॅग्नाव्हॉक्स ओडिसी', १९७२ मध्ये अमेरिकेत विक्रीस आला. त्यामागे राल्फ बेअर या अभियंत्याची कल्पना होती. १९८३ मध्ये जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 'फॅमिकॉम' हा संच आणला. गंमत म्हणजे ही कंपनी १८८९ मध्ये क्योटो शहरात पत्ते तयार करण्यासाठी सुरू झाली होती! पुढे १९९४ मध्ये सोनी कंपनीचा 'प्लेस्टेशन' आला. टॅबलेट घरोघर पोचू लागले ते २०१० मध्ये ॲपलचा 'आयपॅड' आल्यानंतर. तेव्हा अनेक जाणकार म्हणू लागले, "आता पेटीचे दिवस संपले." पण तसे झाले नाही. असे का, ते आपण पाहू.

पहिला फरक विजेचा आहे. २०२० मध्ये आलेला 'प्लेस्टेशन ५' मोठा खेळ चालू असताना सुमारे २०० वॅट वीज घेतो. एका साध्या आयपॅडच्या बॅटरीत सुमारे २८ वॅट-तास वीज मावते. म्हणजे २८ वॅट वीज लागणारे यंत्र तिच्यावर एक तास चालेल. समजा, तो आयपॅडही २०० वॅट वीज घेऊ लागला, तर ती बॅटरी किती वेळ पुरेल? हिशेब करून पाहा. नऊ मिनिटेसुद्धा पुरणार नाही! म्हणून टॅबलेटला काटकसरीने चालावे लागते.

दुसरा फरक उष्णतेचा. यंत्राने घेतलेल्या विजेची शेवटी उष्णता होते. पेटीच्या आत पंखा असतो. तो गरम हवा बाहेर फेकतो. टॅबलेटमध्ये बहुधा पंखा नसतो. त्याची उष्णता पाठीतून हळूहळू बाहेर जाते. यंत्र फार तापले, की ते स्वतःचा वेग कमी करते. मग चांगला चाललेला खेळ मध्येच अडखळू लागतो.

तिसरा फरक हाताचा. कंट्रोलरची बटणे न पाहता अंगठ्याला सापडतात. टॅबलेटचा पडदा गुळगुळीत असतो आणि बोटाखालचे चित्र झाकले जाते. पण काही खेळांना बोटच जास्त शोभते. फिनलंडमध्ये तयार झालेला 'अँग्री बर्ड्स' हा खेळ २००९ मध्ये आला. त्यात पडद्यावरची गलोल बोटाने ओढून सोडायची असते. ते काम बोटाने किती सोपे होते!

एकाच यंत्रात हे दोन्ही प्रकार पाहायचे असतील, तर 'निन्टेन्डो स्विच' पाहा. हा कन्सोल मार्च २०१७ मध्ये आला. तो हातात धरला, की पाटी. आणि टीव्हीजवळच्या बैठकीत ठेवला, की पेटी. त्यातील 'टेग्रा एक्स१' जातीची चिप त्याआधी, २०१५ मध्ये, गूगलच्या 'पिक्सल सी' या टॅबलेटमध्येही होती. स्विच हातात असताना बॅटरी वाचवण्यासाठी चित्र काढणारा भाग सावकाश चालतो. बैठकीत ठेवल्यावर विजेची चिंता नसते, म्हणून तोच भाग बराच वेगाने चालू लागतो. चिप तीच, पण काम वेगळे! असे १५ कोटींहून अधिक स्विच विकले गेले आहेत.

आता राहिला पैशाचा फरक. कन्सोलसाठी आधी मोठी रक्कम मोजावी लागते. कधीकधी कंपनी तोही तोट्यात विकते आणि खेळ विकून नफा मिळवते. २००६ मध्ये आलेला 'प्लेस्टेशन ३' सुरुवातीला असाच विकला गेला. टॅबलेटवरचे कितीतरी खेळ मात्र फुकट मिळतात. तरीही आज जगात फोन आणि टॅबलेटवरील खेळांची कमाई कन्सोलच्या खेळांपेक्षा जास्त आहे. फुकटच्या मालातून एवढा पैसा कसा येतो? त्यातला काही जाहिरातींतून येतो. बाकीचा खेळ रंगात आल्यावर मागितला जातो. नवी तलवार हवी? पैसे द्या. थांबायचे नाही? पैसे द्या.

अमेरिकेत अनेक मुलांनी अशी खरेदी पालकांना न विचारता केली. पालकाने एकदा पासवर्ड टाकला, की पुढची पंधरा मिनिटे तो पुन्हा विचारला जात नसे. तेवढ्या वेळात खरेदी होत राही. याबद्दल तेथील सरकारी आयोगाने ॲपल कंपनीला जाब विचारला. जानेवारी २०१४ मध्ये कंपनीने ग्राहकांना किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत देण्याचे मान्य केले. आता कन्सोलच्या खेळांतही अशी विक्री शिरली आहे, हेही लक्षात ठेवा.

मित्रांनो, पाटी चांगली की पेटी, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. पाटी हलकी आहे, कारण तिने ताकद सोडली आहे. पेटी ताकदवान आहे, कारण तिने फिरणे सोडले आहे. फुकटचा खेळ मात्र आपण काय सोडतो आहोत, हे आधी सांगत नाही. म्हणून खेळ सुरू करण्यापूर्वी घरातल्यांबरोबर बसून विचारा : याची किंमत कोण देणार, आणि केव्हा?