पहिला हप्ता घराचा

नरकचतुर्दशीच्या पहाटे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे, त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मग फराळाला बसायचे, अशी आपल्याकडे रीत आहे. गोडाआधी कडू. त्या रीतीचा आधार घेऊन मी या दिवाळी अंकात कर्जाविषयी चार शब्द लिहिणार आहे. वाचकांनी तेवढे कडू जिभेला लावून घ्यावे; पुढे कथा आहेत, विनोद आहेत आणि राशिभविष्यही असेलच.

मी मराठीची प्राध्यापिका. हिशेबाशी माझा संबंध उत्तरपत्रिकेवरील गुणांची बेरीज करण्यापुरता. परंतु शब्दांशी रोजची गाठ असल्यामुळे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. ऋण, कर्ज, देणे, उसनवार, हातउसने, उधारी, तगाई असे कितीतरी शब्द आपल्या भाषेत आहेत, आणि त्यांतून सुटायचे तर क्रियापद मात्र एकच: फेडणे. मोठे अर्थपूर्ण क्रियापद आहे हे! नेसलेले वस्त्र फेडायचे, नवस फेडायचा, आईवडिलांचे पांग फेडायचे. फेडणे म्हणजे सोडवणे, उलगडणे. आवळलेली गाठ दातांनी ओढली की अधिकच आवळते. उजेडात धरून एकेक पदर सैल केला की सुटते. कर्जाचेही तसेच आहे. पण पहिला पदर कोणता, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

ऋण काढून सण करू नये, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. आजचा पांढरपेशा माणूस सणापायीच कर्जात बुडतो असे मात्र मला वाटत नाही. शाळेची फी, रुग्णालयाची अनामत, लांबलेला पगार, अशा साध्या कारणांनी तो त्या पाण्यात पाऊल टाकतो. पाणी घोट्यापर्यंत असते तोवर कोणाला सांगत नाही, आणि गळ्याशी आले की सांगायची लाज वाटते.

माझ्या धाकट्या दिरांच्या घरी हेच घडले. त्यांच्या आणि जाऊबाईंच्या संमतीनेच ते येथे सांगत आहे. भावजी एका खासगी कंपनीत नोकरीला आहेत; महिन्याकाठी ६२,००० रुपये हाती पडतात. भाड्याची जागा, शाळेत जाणारा एक मुलगा. पान-तंबाखूचेही व्यसन नाही. काही वर्षांपूर्वी कंपनीने तीन महिने पगार लांबवला आणि नेमका त्याच सुमारास मुलाला डेंग्यू झाला. क्रेडिट कार्ड पुढे करण्यावाचून दुसरा उपाय दिसला नाही. पहिल्या कार्डासाठी दुसरे आले, मग बँकेचे वैयक्तिक कर्ज, मामांकडून हातउसने आणि शेवटी मोबाइलवरच्या एका अ‍ॅपचे कर्ज. जाऊबाईंना यातले काहीच ठाऊक नव्हते. एके रात्री साडेनऊ वाजता वसुलीवाल्याचा फोन त्यांच्याच मोबाइलवर आला, तेव्हा कळले.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “वहिनी, पैशाचं दुःख नाही हो. पण हे दीड वर्ष माझ्याशेजारी बसून जेवत होते आणि मला काही म्हणजे काही सांगितलं नाही!”

पैसे आपणच द्यावेत असे माझ्या यजमानांच्या मनात आले होते. पण भावजींनीच हात जोडले. “दादा, पाच सावकार झालेत. सहावा तू होऊ नकोस. हिशेबाला मात्र बस माझ्याजवळ.”

रविवारी आम्ही चौघे शंभर पानी वही घेऊन बसलो. कोणाचे देणे, किती, व्याज काय, हप्ता किती, तारीख कोणती, असे पाच रकाने आखले. दोन्ही कार्डांचे मिळून १,५०,०००. वैयक्तिक कर्जाचे शिल्लक २,४०,०००, व्याज दरसाल १४ टक्के, हप्ता ८,५००. अ‍ॅपचे ६,५०० रुपयांचे पाच हप्ते उरलेले. मामांचे ४५,०००, बिनव्याजी. एकूण आकडा पावणेपाच लाखांच्या आसपास गेला. भावजी म्हणाले, “मी हा आकडा आज पहिल्यांदाच पाहतोय.” मनातल्या मनात त्यांनी बेरीज कधी पुरी होऊ दिली नव्हती.

मग दुसऱ्या पानावर घरखर्च लिहिला. भाडे, वाणसामान, दूध, शाळा, रेल्वेचा पास, वीज, औषधे आणि अडीअडचणीसाठी थोडेसे. कितीही ओढून धरले तरी ४२,००० च्या खाली येईना. दोन्ही पाने शेजारी ठेवली, तेव्हा दीड वर्षाचे कोडे उलगडले. बँकेचे ८,५००, अ‍ॅपचे ६,५०० आणि कार्डांवरची किमान रक्कम ७,५००, असे २२,५०० रुपये पगाराच्या आठवड्यातच निघून जात. घराला उरत ३९,५००. म्हणजे अडीच हजारांची तूट. ती कशाने भरायची? कार्डानेच!

ही किमान रक्कम म्हणजे काय, ते गृहिणींनी नीट समजून घेण्यासारखे आहे. कार्डावर महिना साडेतीन टक्के व्याज धरले, तर १,५०,००० वर ५,२५० रुपये व्याज होते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ९४५. भरलेल्या ७,५०० पैकी मुद्दलात जमा होतात अवघे १,३०५. इकडे घरखर्चाच्या तुटीचे २,५०० त्याच कार्डावर पुन्हा चढत होते. म्हणजे दरमहा साडेसात हजार भरूनही कर्ज जवळजवळ बाराशेंनी वाढत होते. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ते असे.

महिना साडेतीन टक्के म्हणजे सरळ हिशेबानेही वर्षाला ४२ टक्के. कार्डावर ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे अनुचित, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ठरवले होते; सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. तेव्हा त्या आधारावर कोणी विसंबून राहू नये.

त्या रविवारी आम्हांला उमगलेली गोष्ट अशी. भावजींची फेड करण्याची इच्छा कमी पडत नव्हती; उलट ते अधिक भरत होते. घराला लागणारे पैसे आधी बाजूला न काढता केलेली फेड ही फेड नव्हेच. ते केवळ एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकणे. म्हणून वहीत वरची ओळ घराची. पहिला हप्ता घराचा, मग सावकारांचे.

४२,००० बाजूला ठेवून उरलेल्या २०,००० मध्ये सारे बसवायचे, हे ठरले. जाऊबाईंनी हातातल्या पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. हिशेबाच्या दृष्टीने त्यांचे चुकले नव्हते. ४२ टक्क्यांचे देणे डोक्यावर असताना सोने कपाटात सांभाळण्यात अर्थ नसतो. पण त्याआधी दुसरा मार्ग निघाला. भावजी त्यांच्या कंपनीतील पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्थेचे सभासद होते. वर्गणी पगारातून कापली जाई, एवढाच त्यांचा संस्थेशी संबंध. आपल्या देशात सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ साली झाला, तोच मुळी सावकारी व्याजाच्या विळख्यातून माणसे सोडवण्यासाठी. शतकाहून अधिक काळ लोटला, तरी ते काम संपलेले नाही. दोन सहकारी जामीन राहिले आणि संस्थेने दरसाल ११ टक्क्यांनी १,५०,००० रुपये तीन वर्षांसाठी दिले. हप्ता सुमारे ४,९०० रुपये. नवल पाहा: कार्डांचे नुसते व्याजच ५,२५० होते, आणि येथे मुद्दलासकट हप्ता त्याहून कमी!

दोन्ही कार्डे त्याच आठवड्यात फेडून बंद केली. हे बंद करणे फार महत्त्वाचे. रिकामे झालेले कार्ड खिशात राहिले की जुने कर्ज पतसंस्थेत आणि नवे कार्डावर, अशी दुहेरी पंचाईत होते. नव्या मांडणीत बँकेचे ८,५००, पतसंस्थेचे ४,९०० आणि अ‍ॅपचे ६,५००, असे १९,९०० झाले. अ‍ॅपचे पाच हप्ते संपले की तेच ६,५०० मामांना द्यायचे, सात महिने. मामांचे फिटले की तेच ६,५०० वैयक्तिक कर्जाच्या मुद्दलात भरायचे. एक देणे संपले म्हणून मोकळी झालेली रक्कम घरखर्चात मुरू द्यायची नाही, हे या मांडणीचे मर्म. तसे केल्यास चोवीस महिन्यांच्या सुमारास वैयक्तिक कर्ज फिटते. नुसत्या हप्त्यांवर सोडले असते तर पस्तीस महिने लागले असते. मुदतीपूर्वी भरण्याला काही आकार आहे का, ते मात्र बँकेला आधी विचारून घ्यावे. मामांना भावजींनी स्वतः जाऊन सांगितले, की तुमचे पैसे सहाव्या महिन्यापासून येतील. मामा म्हणाले, “तारीख सांगितलीस, हेच पुष्कळ झालं.”

आधी घर आणि मग देणे, हा विचार काही आमच्या दिवाणखान्यात जन्मलेला नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. त्या दंग्यांची चौकशी झाली, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा आला. कर्जाचा व्यवहार मुळापासून तपासण्याचा आणि ऐपतीप्रमाणे हप्ते बांधून देण्याचा अधिकार त्याने न्यायालयांना दिला. म्हणजे हप्त्याने फेड ही मेहेरबानी नसून न्यायाचा भाग आहे, हे या मातीत दीडशे वर्षांपूर्वीच मान्य झाले.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलम तर प्रत्येक पगारदाराने वाचावे. कर्जाच्या हुकूमनाम्यासाठी जप्ती आली, तरी पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश यांना हात लावता येत नाही. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या रिवाजाप्रमाणे स्त्रीला अंगावेगळा करता येत नाही असा दागिना, यांचीही जप्ती होत नाही. ६२,००० ला हे सूत्र ढोबळमानाने लावून पाहिले. जप्त होण्याजोगी रक्कम २०,३३३ आली. आमच्या वहीत १९,९०० होते! कायदा कर्ज बुडवा असे म्हणत नाही. तो एवढेच म्हणतो की कर्जदाराच्या घरची चूल विझवून कोणाचे पैसे वसूल होत नसतात. जे न्यायाधीशाला करता येत नाही, ते आपणच आपल्या घरावर का करावे?

आणखी दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, कर्जदाराच्या आप्तांना त्रास देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बजावले आहे. रात्री साडेनऊच्या त्या फोनबद्दल भावजींनी कर्ज देणाऱ्या संस्थेकडे तारीख-वेळेसह लेखी तक्रार केली, फोन थांबले. तेथे दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. दुसरी गोष्ट ‘सेटलमेंट’ची. अमुक इतके भरा, बाकी सोडून देतो, असे कोणी म्हणाले की मन हुरळते. अगदीच मार्ग नसेल तर ते करावेच लागते. पण पतमाहितीच्या नोंदीत ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो, आणि पुढे घरासाठी कर्ज मागायला गेले की तो आडवा येतो. ‘पूर्ण फेडले’ आणि ‘तडजोड झाली’ यांतला फरक बँका विसरत नाहीत. म्हणून जे काही ठरेल ते कागदावर घ्यावे, आणि शेवटचा हप्ता भरल्यावर देणे नसल्याचा दाखला मागून घ्यावा.

हे सारे सोपे होते असे मात्र नाही. चौथ्या महिन्यात शाळेच्या सहलीचे पैसे निघाले नाहीत. मुलाला खरे कारण सांगायचे की काही बहाणा करायचा, यावर नवराबायकोंत रात्री उशिरापर्यंत वाद झाला. जाऊबाई म्हणाल्या, “या घरात आता पैशाबाबत खोटं बोलायचं नाही.” मुलाला वही दाखवली. तो थोडा रडला. मग पुढच्या महिन्यापासून फिटलेल्या हप्त्यावर लाल पेन्सिलीने रेघ मारण्याचे काम त्याने आपल्याकडे घेतले.

आज त्या वहीचा चौदावा महिना चालू आहे. अ‍ॅप संपले, मामांचे फिटले. बँकेचे आणि पतसंस्थेचे अजून बाकी आहे. दोन दिवाळ्या नव्या कपड्यांवाचून गेल्या, तरी भावजींना झोप लागते, आणि फोन वाजला की जाऊबाई दचकत नाहीत.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी वहीची पूजा करतात. आपण पगारदार माणसे त्या दिवशी दागिना किंवा पासबुक पाटावर ठेवतो. ज्यांच्या घरी देणे आहे, त्यांनी यंदा एक साधी शंभर पानी वही आणावी, घरातल्या सर्वांना जवळ बसवावे आणि पहिल्या पानावर सारे आकडे खरे लिहावेत. कर्जाची भीती आकड्यात फारशी नसते. न लिहिलेल्या आकड्यात असते. हळदकुंकू वाहायचे ते मग त्या पानावर.