मसुराएवढे भिंग

जुनी सीडी हल्ली कशाकशाच्या कामी येईल, सांगता येत नाही. कुठे ती शेतात पाखरांना भिववायला काठीला टांगलेली दिसते, कुठे ऑटोरिक्षाच्या मागे चकाकते, तर कुठे चहाच्या कपाखाली निमूट पडून असते. तबकडीची ही गत, मग तिला वाचणाऱ्या यंत्राची आठवण कोण ठेवणार? आणि त्या यंत्राच्या पोटातले मसुराएवढे भिंग तर पुष्कळांनी पाहिलेलेही नसेल. मी मराठीचा मास्तर. भिंगाशी माझा संबंध चष्म्यापुरता. पण या एका भिंगाचे आमच्या घरावर ऋण आहे.

आमचे घर खापरखेड्याचे. नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यात, वीज केंद्राच्या उंच धुराड्यांच्या सावलीतले हे गाव. विजेच्या गावात राहूनही आजीने गिरणीचे पीठ कधी मनापासून खाल्ले नाही. पहाटे तिचे जाते सुरू होई आणि जात्याबरोबर ओव्या. काकांनी त्या कॅसेटवर उतरवून घेतल्या होत्या. आजी 2001 साली गेली. कॅसेटची फीत चिकटू लागली म्हणून सीताबर्डीवरच्या एका दुकानातून तिची सीडी करून आणली. आणि पुढे महिन्याभरातच ती फीत टेपरेकॉर्डरमध्ये गुंतून तुटली. आता आजीचा आवाज उरला तो त्या हिरवट झाकेच्या एकाच तबकडीत.

घरात काकांनी परदेशातून आणलेला, अगदी सुरुवातीच्या काळातला डीव्हीडी प्लेअर होता. त्यावर सिनेमे उत्तम दिसत. बाजारातून आणलेली भजनांची सीडीही खणखणीत वाजे. आजीची सीडी घातली, की यंत्र दोन-चारदा घरघरे आणि तबकडीच नाही असे दाखवी! शेवटी आठवडी बाजाराजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने झाकण उघडले, कापसाच्या बोळ्याने भिंग पुसले आणि मान हलवली. ‘‘भाऊ, लेन्स बी साफ आहे, सीडी बी चांगली आहे; पन याले ते दिसूनच नाही राह्यली जी!’’

त्याचे निदान शब्दशः खरे होते, हे मला पुढे आमच्या कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्याने उलगडून सांगितले. सीडी 1982 साली बाजारात आली. तिच्यावरची नोंद वाचतो तो 780 नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा अवरक्त किरण. डीव्हीडी 1996 सालची. तिच्या खुणा अधिक बारीक, म्हणून तिला 650 नॅनोमीटरचा लाल किरण. कारखान्यात ठशाने छापलेल्या सीडीवर लाल किरणाचेही भागते. पण दुकानात ‘भाजलेल्या’ सीडीत रंगद्रव्याचा थर असतो. तो अवरक्त प्रकाश परत पाठवतो, लाल मात्र बराचसा पिऊन टाकतो. आमच्या यंत्राकडे लाल दिवा तेवढा होता. आजी समोर गात होती, आणि यंत्र आंधळे होते.

मग दोन्ही किरण द्यावेत, झाले, असे तुम्ही म्हणाल. अडचण भिंगाची होती. सीडीतली नोंद 1.2 मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक थरापलीकडे असते, डीव्हीडीतली 0.6 मिलिमीटरपलीकडे. एका जाडीसाठी घडवलेले भिंग दुसरीतून पाहताना ठिपका फिसकटवते. काही कारखानदारांनी चक्क दोन भिंगे बसवली. तबकडी बदलली की भिंगही सरकायचे. चालायचे ते, पण हा संसार खटल्याचा!

तोड निघाली ती भिंगाच्या अंगावर वर्तुळाकार कडी कोरून. गाईच्या खुरापासून नव्हे, तर पाण्यात टाकलेल्या खड्याच्या लाटांपासून ही गोष्ट समजून घ्यावी. प्रकाश ही लाट आहे. एका कड्यातून आलेली लाट शेजारच्या कड्यातून आलेल्या लाटेशी पाऊल मिळवते, ती विशिष्ट दिशेलाच. आणि लाट जितकी लांब तितकी ती दिशा अधिक वळलेली. म्हणून एकाच भिंगातून लाल किरण एका तऱ्हेने वळतो, अवरक्त दुसऱ्या, आणि कड्यांची आखणी अशी करतात की प्रत्येकाला आपापल्या तबकडीची जाडी मानवावी. शास्त्रात याला विवर्तन म्हणतात. (आमच्या वेदान्तातला ‘विवर्त’ म्हणजे दोरीवर भासणारा साप, तो निराळा.)

कड्याच्या पायरीची उंची मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याहून थोडीशीच अधिक! अशी भिंगे एकेक घासून करायची तर यंत्र सोन्याच्या मोलाला जाते. म्हणून हिऱ्याच्या टोकाने धातूच्या साच्यात कडी कातायची आणि त्यात तापलेले प्लॅस्टिक दाबाने भरायचे. आपल्या करंजीच्या साच्यासारखेच हे. साच्याची कड बोथट झाली की प्रत्येक करंजीची नक्षी बोथट. जपानच्या कोनिका कंपनीने प्लॅस्टिकच्या भिंगांत मोठे नाव मिळवले. उन्हात प्लॅस्टिक फुगते, त्याची प्रकाश वळवण्याची ताकद घटते. पण लेसर तापला की त्याची लाटही किंचित लांबते आणि कडी तिला जास्त वळवतात. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी, अशी आखणी करता येते. पंचेचाळीस अंशांचा वैशाख सोसणाऱ्या आम्हा नागपूरकरांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

2003 च्या दिवाळीत बाबांनी दोन किरणांचा नवा प्लेअर आणला. आजीची तबकडी आत गेली, क्षणभर शांतता, मग जात्याची घरघर. फराळाचे ताट घेऊन आलेली आई दारातच थांबली. आत्या म्हणाली, ‘‘थांब जरा, माय दळून राह्यली.’’ त्याच रात्री मी तबकडीच्या तीन प्रती केल्या.

आता तो प्लेअरही माळ्यावर गेला. ओव्या मोबाइलमध्ये आहेत. कडी मात्र संपलेली नाहीत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत जवळचे आणि दूरचे दोन्ही दिसावे म्हणून बसवतात त्या काही भिंगांवर अशीच वर्तुळे असतात. गेल्या वर्षी आत्याच्या डोळ्यांत तसली भिंगे बसली. रात्री दिव्यांभोवती वलये दिसतील, असे डॉक्टरांनी आधीच बजावले होते. लक्ष्मीपूजनाला तिने अंगणातल्या पणत्यांकडे टक लावून पाहिले आणि मला म्हणाली, ‘‘बापू, तुमच्याइले साध्याच दिसतेत न? मले तर हरेकीले रांगोळी दिसून राह्यली!’’