पाच मिनिटांचा वाडगा, चारशे वर्षांचे तिखट

गेल्या वर्षी माझी भाची शिक्षणासाठी पुण्यात आली आणि वसतिगृहात राहू लागली. दोन महिन्यांतच धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, ही रोज रात्री ती तिखटजाळ कोरियन नूडल्सच खाते गं. पोटात आग होते म्हणते, तरी सोडत नाही. तू काहीतरी कर."

रविवारी तिला घरी जेवायला बोलावले. वरणभात आणि मेथीची भाजी तिने मुकाट्याने खाल्ली आणि शेवटी म्हणाली, "मावशी, रागावू नकोस. पण मला तेच खावंसं वाटतं."

मग मी ठरवले, तेच घरी करायचे. कडकडीत तेलात लाल तिखट टाकले, त्यावर सोया सॉस आणि टोमॅटो केचप. तिखट क्षणात काळे पडले, घरभर ठसका उठला. आई देवघरातून खोकत बाहेर आली. भाचीने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "ही तर कोपऱ्यावरची चायनीजची गाडी झाली."

पदार्थ समजून न घेता केला की असे होते. त्यानंतरचे काही महिने मी या वाडग्याच्या मागे लागले. हाती जे लागले, ते इथे मांडते आहे.

मिरची : दोघांच्याही घरी पाहुणी

कोरियन जेवण म्हणजे लालभडक, अशी आपली समजूत असते. पण मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी ती सोळाव्या शतकात गोव्यात आणली, आणि त्यांच्याच जहाजांमार्फत ती जपानलाही पोहोचली. तिथून ती कोरियात गेली, आणि जपानने कोरियावर लादलेल्या १५९२ ते १५९८ च्या युद्धाच्या सुमारास गेली, असे बरेच अभ्यासक मानतात. यि सु-ग्वांग या विद्वानाच्या १६१४ च्या 'जिबोंग युसोल' या ग्रंथात तिचा उल्लेख 'जपानी मोहरी' असा येतो, आणि ती विषारी असल्याचेही तो नोंदवतो. त्याआधीची किमची मिरचीविना होत असे. म्हणजे आपला ठेचा आणि त्यांचा लाल रस्सा, दोन्ही एकाच प्रवासाची फळे.

कोरियन मिरचीपूड, म्हणजे गोचुगारू, आपल्या तिखटासारखी बारीक नसते. उन्हात वाळवलेल्या मिरच्यांच्या बऱ्याचशा बिया काढून ती भरड कुटतात. त्यामुळे रंग भरपूर आणि झोंबणे कमी. आपल्याकडे तिच्या जवळची म्हणजे ब्याडगी किंवा काश्मिरी. माझी पहिली चूक इथे होती. मी साधे झणझणीत तिखट वापरले होते, आणि तेही जाळून.

रांजणातला वेळ

दुसरी चूक केचपची. कोरियन चवीचा गाभा म्हणजे गोचुजांग. मिरचीपूड, चिकट तांदूळ, आंबवून वाळवलेल्या सोयाबीनची पूड, सातूचे माल्ट आणि मीठ एकत्र करून मातीच्या रांजणात महिनोन्‌महिने मुरवलेली ही लाल चटणी. १७६६ च्या 'जुंगबो साल्लिम ग्योंगजे' या ग्रंथात तिची कृती आढळते. मोड आणलेल्या सातूतली विकरे तांदळातल्या पिठूळ भागाची साखर करतात, तिथून गोडवा येतो. सोयाबीनमधल्या प्रथिनांची अमिनो आम्ले होतात, तिथून जिभेवर रेंगाळणारी खोल चव येते. केचपमध्ये साखर आणि आंबटपणा असतो, ही खोली नसते. म्हणून माझा वाडगा गोड आणि तिखट झाला, पण पोकळ राहिला.

गव्हाची गोष्ट

उरल्या नूडल्स. तळून वाळवलेल्या झटपट नूडल्स मोमोफुकु आंदो यांनी जपानमध्ये १९५८ साली बाजारात आणल्या. गरम तेलात नूडल्समधले पाणी वाफ होऊन निघून जाते आणि मागे बारीक छिद्रे राहतात. उकळते पाणी त्या छिद्रांतून शिरते, म्हणून त्या दोन-तीन मिनिटांत शिजतात. याच कारणाने त्यांच्यात साधारण १५ ते २० टक्के तेलही राहते.

दक्षिण कोरियात हे तंत्र जपानमधून आणले सामयांग कंपनीच्या जॉन जुंग-युन यांनी. युद्धाने देश मोडला होता, तांदूळ पुरत नव्हता. सोलच्या नामदेमुन बाजारात अमेरिकन लष्कराच्या उष्ट्या अन्नापासून केलेल्या पेजेसाठी लागलेल्या रांगा पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे कंपनी सांगते. १९६३ च्या सप्टेंबरात पहिले पाकीट आले, किंमत १० वॉन. त्याचा रस्सा कोंबडीच्या चवीचा होता, आजच्यासारखा लाल नव्हता. पीठ मुख्यतः अमेरिकन मदतीच्या गव्हाचे. सरकारही लोकांना तांदूळ सोडून गव्हाकडे वळवत होते. १९६९ पासून बुधवारी आणि शनिवारी खाणावळींत भात विकायला मनाई झाली. पुढे शाळांतून मुलांचे डबे उघडून भातात सातू मिसळला आहे का, हे तपासले जाई.

हे मी आईला वाचून दाखवत होते. तोवर ती या सगळ्या उद्योगाकडे पाठ फिरवून बसली होती. एकदम म्हणाली, "अगं, मग आपल्यासारखंच की! आम्हीसुद्धा रेशनच्या रांगेत उभं राहून तो लाल मिलो आणलाय. भाकरी थापता थापता तुटायची. तुझे आजोबा ताटावरून उठून जायचे."

आईचे खरे होते. अमेरिकेच्या ज्या 'पीएल ४८०' कायद्याखाली कोरियात धान्य गेले, त्याच कायद्याखाली १९५६ च्या करारानंतर ते भारतातही आले. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, ते १९६५ साली. त्यांचा बुधवार-शनिवार आणि आपला सोमवार यांत चारच वर्षांचे अंतर. आपण त्या धान्याची आठवण ओशाळेपणाने काढतो. कोरियाने त्याच गव्हात आपले तिखट मिसळून आपला पदार्थ केला. १९८६ साली नोंगशिम कंपनीचे 'शिन रामयॉन' आले. त्यातल्या 'शिन' या अक्षराचा अर्थच तिखट.

पुढे तिखटाची चढाओढ लागली. सामयांगचे 'बुलदाक', म्हणजे आगीची कोंबडी, २०१२ चे. जून २०२४ मध्ये डेन्मार्कने त्याचे तीन प्रकार कॅप्सेसिन जास्त असल्याचे सांगून बाजारातून परत मागवले. कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहीलाच चेतवते, म्हणून तिखट आपल्याला 'गरम' वाटते. ही ग्राही शोधण्याच्या कामासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल विभागून मिळाले. कॅप्सेसिन पाण्यात फारसे विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळते. म्हणून ठसका लागल्यावर पाण्यापेक्षा दूध बरे.

घरची कृती, दोघांसाठी

सहा ब्याडगी मिरच्यांच्या बिया काढून कोमट पाण्यात पंधरा मिनिटे भिजवा. सहा लसूणपाकळ्या, मोठा चमचाभर मऊ भात, लहान चमचाभर गूळ आणि मोठा चमचाभर सोया सॉस घालून गंधासारखे वाटा. भाताने चटणीला गोचुजांगसारखा चिकटपणा येतो. बाजारातले गोचुजांग मिळाले तर त्यातले चमचाभर घाला आणि मग गूळ निम्मा करा. वेगळे मीठ नको, सोया सॉसमध्ये ते पुरेसे असते.

दोन चमचे तेल मध्यम आचेवर तापवून ही चटणी तेल सुटेपर्यंत परता. चटणीत पाणी असते, म्हणून ती कोरड्या तिखटासारखी चटकन जळत नाही. दीडशे ग्रॅम न तळलेल्या हक्का नूडल्स उकळत्या पाण्यात मिनिटभर कच्च्या ठेवून काढा. त्यातले अर्धी वाटी पाणी राखा आणि नूडल्सबरोबर चटणीत घाला. या पाण्यातल्या पिठामुळे चटणी नूडल्सला धरून राहते. मोठ्या आचेवर एक मिनिट परतून उतरवा. वरून कांद्याची पात आणि भाजून कुटलेले तीळ घाला. कोरियन तेल भाजलेल्या तिळाचे असते, आपले बहुधा कच्च्या तिळाचे, म्हणून तो वास कुटलेल्या तिळांतूनच आणावा लागतो. सोबत उकडलेले अंडे किंवा पनीर.

चटणी एकदम जास्त करून फ्रिजमध्ये ठेवली तर आठवडाभर टिकते. मग वाडगा खरोखरच पाच मिनिटांत होतो. झटपट म्हणजे आधी कुणीतरी घालवलेला वेळ, एवढे मला या शोधात कळले. कोरियात तो रांजणात घालवलेला असतो, पाकिटात कारखान्याने, आणि घरी आपण. घरी घालवला की तिखट किती हे ठरवणे आपल्या हाती राहते.

भाची म्हणते, पाकिटासारखे होत नाही. पण दर रविवारी येते, आणि जाताना चटणीची बाटली नेते. बहिणीचा पोटदुखीचा फोन आता येत नाही. आईने एकदाच चमचाभर चाखून पाहिले. म्हणाली, "ठेच्याला गूळ लावलाय. वाईट नाही." आणि वाडगा पुढे सरकवला.